सोलांजबाईंच्या आठ कानशी

फ्रान्समधल्या तार्न नदीकाठच्या एका छोट्या कारखान्यात लाकूडकामाच्या कानशींना हाताने दात पाडणाऱ्या सोलांजबाई एकट्याच उरल्या होत्या. डाव्या हातात टोकदार छिन्नी, उजव्या हातात हातोडी, आणि एकेका कानशीवर हजारभर ठोके. हाताने पाडलेला दात थोडा इकडेतिकडे पडतो, सगळे एका ओळीत येत नाहीत, म्हणून लाकडावर ओरखडे उठत नाहीत. व्हायोलिन घडवणारे त्यांच्या कानशीसाठी वर्षभर थांबत. दिवसाला होत मात्र सहाच.

म्हातारे मालक घरी बसले आणि त्यांचा मुलगा रेमी कारभार बघू लागला. पोरगा मेहनती, पण घाईचा. घड्याळ घेऊन तो बाईंच्या शेजारीच येऊन बसला.

"सोलांजबाई, दिवसाला दहा नाही का व्हायच्या?"

"होतील की. वाईट होतील."

"करून तर बघा!"

दुसऱ्या दिवशी बाईंनी मान वर न करता नऊ कानशी केल्या. संध्याकाळी अक्रोडाची फळी पुढे टाकून म्हणाल्या, "घे, तूच घास." तीन कानशींनी फळीवर कंगवा फिरवल्यासारख्या रेघा ओढल्या. बाईंनी त्या तिन्ही उचलून भंगारात फेकल्या. रेमीचं तोंड एवढंसं झालं.

"घड्याळ लावायचंच तर माझ्या हातांना नको लावू, पोरा. पायांना लाव."

रेमीला आधी कळलं नाही. पण दिवसभर तो त्यांच्या मागे फिरला, तेव्हा उमगलं. बाई दर थोड्या वेळाने उठत, लांबच्या कोपऱ्यातून पोलादाच्या पट्ट्या आणत, ठोकून बघत, निम्म्या परत ठेवत. कडक पट्टीवर छिन्नी बोथट झाली की तिला धार लावत बसत. दोन तास यातच जात.

"पट्ट्या इतक्या कडक का?" रेमीने भट्टीवरच्या मार्सेलला विचारलं.

मार्सेल उसळला. "मला विचारतोस? तापवलेलं पोलाद भट्टीतच हळूहळू निवलं तर मऊ पडतं. तूच म्हणालास ना, जरा आटपा! मग काय, काढतो गरमगरम बाहेर."

रेमी कानापर्यंत लाल झाला. मग हसूही लागला.

त्या दिवसापासून भट्टी पूर्ण निवल्याशिवाय कुणी उघडेना. तपासलेल्या पट्ट्या सकाळीच बाईंच्या हाताशी येऊ लागल्या. महिन्याभरात बाई, हाताचा वेग तोच ठेवून, आठ कानशींवर आल्या. भंगारात एकही जाईना.

"नऊ?" रेमीने एकदा हळूच विचारून पाहिलं.

"आठ. आणि जेवायला पूर्ण तास."

त्याने मान्य केलं. आता दुपारी बाई अंगणात उन्हात बसून लसूण घातलेलं सॉसेज आणि पाव सावकाश खातात. परवा चौदा महिने थांबलेला एक व्हायोलिनवाला स्वतःच येऊन थडकला. त्याने तिथेच लाकडाच्या तुकड्यावर कानस फिरवली, डोळे मिटले आणि म्हणाला, "बाई, अजून एक द्याल?"

"देईन की," बाई पाव चावत म्हणाल्या. "रांगेत नाव लिहा."