डावीकडून तिसरा शब्द

मला नीटनेटकेपणाची खोड आहे, आणि त्या खोडीपायी मी एका माणसाची चौदा वर्षांची मेहनत मातीत घातली. लिहायलाच बसलोय तर सरळ सांगून टाकतो.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. जालन्यात बियाणं तपासायच्या एका छोट्या प्रयोगशाळेत मी संगणकाचं काम बघायचो. ओल्या कागदात बी गुंडाळून मोड आणायचं एक गरम कपाट तिथं होतं. त्याचं तापमान मोजायला कर्नेलमधला, म्हणजे संगणकाच्या अगदी पोटातला, प्रोग्रामचा तुकडा मी लिहिला होता. तो एका फाइलीत एकच ओळ दाखवायचा: ‘कपाट 1 27’. शेवटचा आकडा तापमानाचा.

तिथले जुने सहायक दहावी शिकलेले. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. ते माझ्या मागंच लागले, “साहेब, ही वळ मला वाचता येईल का प्रोग्राममधून?” मी म्हणायचो, “मामा, माझी नोकरी खाता का आता?” पण शिकले गडी. डावीकडून तिसरा शब्द घ्यायचा, पस्तिसाच्या वर गेला की घंटी वाजवायची, एवढाच त्यांचा प्रोग्राम. तापमानाची तार चहाच्या कपात बुडवून त्यांनी घंटी वाजवून दाखवली, तेव्हा दिवसभर हसत होते.

वडीगोद्रीच्या बाजूला त्यांचं रान. एका साली मर रोगानं सगळी तूर वाळली आणि एकच झाड हिरवं राहिलं. त्या झाडाचं बी ते चौदा वर्षं निवडत, पेरत आले होते. मग दोन वर्षं पाण्यावाचून पेरणीच झाली नाही. बी जुनं झालं, ओंजळभर उरलं. मे महिन्यात ते सगळंच्या सगळं त्यांनी परवानगी काढून कपाटात ठेवलं. “रानात टाकलं तर निम्मं मरंल. इथं बराबर मोड येतील, मंग पिशव्यांत लावतो,” म्हणाले.

नेमकी त्याच आठवड्यात मला ती ओळ उघडीबोडकी वाटायला लागली. तापमान कधीचं, काही कळायचं नाही. मी आधी तारीख जोडली: वर्ष, महिना, दिवस, आणि मग जुनी ओळ. मधे मोकळी जागा, दिसायला छान. शेवटचा आकडा तापमानाचाच आहे, कुणाचं काय बिघडतंय, असं मला वाटलं. मामा डावीकडून मोजतात हे माझ्या डोक्यातही आलं नाही. विचारायला दहा पावलं चालावं लागलं असतं, पण मी शहाणा ना.

तिसऱ्या दिवशी भरदुपारी कपाटाचा हीटर अडकला, बंदच होईना. मी जेवायला घरी गेल्तो. मामा शेजारच्या खोलीत नमुने निवडत बसले होते, घंटीच्या भरवशावर. डावीकडून तिसरा शब्द आता दिवस झाला होता आणि त्या दिवशी सत्तावीस तारीख होती. प्रोग्राम सत्तावीस वाचत राहिला. महिन्याला पस्तीस दिवस नसतात, ती घंटी जन्मात वाजली नसती.

मी परत आलो तर मामा खाली बसून कागद उलगडत होते. मोड पिवळे, लिबलिबीत झालेले, खोलीत डाळ शिजल्याचा वास. एकेक कागद ते सावकाश उलगडून बघत होते.

“मी मोजायला चुकलो वाटतं, साहेब,” ते म्हणाले. “कवापासून इचार करून राह्यलो, कुठं चुकलो ते कळंना. जरा बघता का?”

मी बघितलं. दोन मिनिटांत कळलं. तेव्हाच सांगायचं होतं. लाज वाटली, भीतीही वाटली. “होतं असं, मामा,” एवढंच म्हणालो, आणि ते घरी गेल्यावर माझी तारीख गुपचूप काढून टाकली.

मामांनी संगणकाला परत हात लावला नाही. “आपलं काम न्हाई ते,” म्हणायचे. निवृत्त होईपर्यंत तासातासाला उठून कपाटातला थर्मामीटर डोळ्यांनी वाचायचे. निरोपाच्या दिवशी त्यांच्या जागी आलेल्या बाईंना म्हणाले, “बाई, मोजताना दोनदा बघत जा. मी एकदा चुकलो, अन् सगळं बी गेलं.”

मी शेजारीच उभा होतो, त्यांना घालायचा हार हातात धरून. तेव्हाही बोललो नाही.