गुरुवारच्या घरभेटी

कोपरीतल्या त्या ख्रिस्ती संस्थेत मी जायला लागलो तो सेवा करायला नाही, भांडायला. हे आधीच सांगितलेलं बरं. नाहीतर निवृत्त माणूस, समाजकार्य, शाल-श्रीफळ असलं काहीतरी वाचणाऱ्याच्या डोक्यात यायचं.

आई कोपरीतच एका चाळीत, जिन्याखालच्या खोलीत एकटी राहायची आणि मी डोंबिवलीत. शेवटचं दीड वर्ष मी तिच्याकडे गेलो नव्हतो. ती खोली सोडून माझ्याकडे यायला तयार नव्हती, आणि मी रागाच्या भरात म्हणालेलो, "तू येणार नाहीस तर मीही येणार नाही." माझा स्वभावच तसा आहे. एकदा बोलून गेलो की मागे फिरत नाही. सणासुदीला फोन करायचो. ती विचारायची, जेवलास का. मी हो म्हणायचो आणि ठेवायचो.

ती गेल्यावर तेराव्याला शेजारीण म्हणाली, "त्या संस्थेच्या बायका यायच्या हो दर गुरुवारी. मग मध्येच बंद झाल्या. शेवटचे आठ महिने कुणी फिरकलं नाही."

ते वाक्य माझ्या डोक्यात रुतून बसलं. मी नाही गेलो ते नाही गेलो, आई-मुलाचं भांडण होतं, आमचं आमच्यात. पण ह्यांनी सुरू करून अर्ध्यात सोडलं कसं? कुणीतरी जाब द्यायलाच हवा. पुढे बायको गेली आणि हे फारच वाटायला लागलं. तीन खोल्यांत एकच माणूस, एकच ताट, एकच टॉवेल दोरीवर. संध्याकाळी टीव्ही लावायचो तो बातम्यांसाठी नाही, घरात कुणीतरी बोलावं म्हणून. अशा वेळी कुणावर तरी चिडून बसलं की बरं वाटतं. वेळ जातो.

अशात ऑफिसातल्या एका जुन्या ओळखीच्या माणसाकडून कळलं की ती संस्था आपल्या इतिहासाची पुस्तिका काढतेय आणि जुनं दप्तर लावायला माणूस शोधतेय. मी अख्खी नोकरी सरकारी रेकॉर्ड रूममध्ये काढलेली. म्हटलं, चला. त्यांच्याच कागदात त्यांची चूक सापडेल, आणि मग ती त्यांच्याच तोंडून कबूल करून घेईन. मी कुणाचा मुलगा हे काही तिथे सांगितलं नाही.

सगळा कारभार एका बाईंकडे होता. शाळेतून निवृत्त झालेल्या, मूळच्या नगरकडच्या, ऐंशी ओलांडलेल्या. आवाज खणखणीत, पण मोतीबिंदूमुळे वाचता येत नव्हतं. मी वह्या मोठ्याने वाचायच्या आणि पुस्तिकेत काय घ्यायचं ते त्यांनी ठरवायचं, असं काम सुरू झालं. मी त्यांना बाई म्हणायचो, त्या मला भाऊ.

पत्र्याच्या दोन पेट्या भरून घरभेटीच्या वह्या होत्या. दोघी-दोघींनी जायचं, एकट्या राहणाऱ्या किंवा आजारी माणसापाशी तासभर बसायचं, लागेल ते करायचं आणि परत येऊन चार ओळी लिहायच्या, अशी पद्धत. पण दप्तर म्हणाल तर सगळा आनंद. कुठे नाव नाही, पत्ता नाही. 'विहिरीजवळचे आजोबा.' 'दोन मुलींची आई, गिरणीमागे.' मी वैतागलो. म्हटलं, "बाई, हे काय रेकॉर्ड आहे? उद्या कुणाला शोधायचं तर शोधणार कसं?"

"शोधताच येऊ नये म्हणून तर," बाई म्हणाल्या. "मदत घेतली म्हणून कागदावर नाव राहिलं की ते नातवंडांच्या तोंडावर मारतात लोक."

मी पुढची वही उघडली.

काही नोंदींच्या शेवटी 'घर पूर्ण' असं लिहिलेलं असायचं. बाईंनी त्याचा अर्थ सांगितला. जाणाऱ्या बायका थोड्या आणि घरं जास्त. म्हणून त्या माणसाचं स्वतःचं कुणी यायला लागलं, रुसलेला भाऊ, दुरावलेली सून, की त्या घरच्या भेटी थांबवायच्या आणि तो दिवस दुसऱ्या घराला द्यायचा. पुस्तिकेत बाईंना सगळ्यात आधी अशीच घरं हवी होती. "आमची खरी कमाई ती," म्हणायच्या.

चार महिने मी जात होतो. खरं सांगायचं तर मला तिथे जायला आवडायला लागलं होतं. आठवड्यातून तीन दुपारी कुणीतरी माझी वाट बघायचं, उशीर झाला तर विचारायचं. राग तेवढा जपून ठेवला होता.

मग एका दुपारी ती वही हातात आली. 'जिन्याखालच्या आजी. एकट्या. उजव्या कानाने ऐकू येत नाही.' पाणी प्यायलो आणि वाचत राहिलो. 'आजींची नखं कापून दिली.' 'पत्ते खेळलो. आजी लबाडी करतात.' 'भेटीला गेल्यावर काही घ्यायचं नाही हा आपला नियम सांगितला. आजींनी ऐकलं नाही. लोणचं घ्यावं लागलं.' आईची नखं कुणीतरी कापत होतं. मला तर ती पत्ते खेळते हेसुद्धा माहीत नव्हतं.

शेवटची नोंद अशी होती: 'आजी आज फार खुशीत. म्हणाल्या, आता माझा मुलगा येतो दर रविवारी. तुम्ही कशाला दमता, माझा गुरुवार दुसऱ्या कुणाला द्या. घर पूर्ण.'

मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा मनातल्या मनात.

"हे घ्या, हे नक्की घ्या," बाई एकदम उजळल्या. "ही नोंद माझीच. मीच जायची त्या घरी. काय आनंद झाला होता आम्हाला. असं घर पूर्ण झालं की परत आलेल्या माणसासाठी आम्ही वर्षभर देवाचे आभार मानतो, दर प्रार्थनासभेत. त्या मुलाचं नाव माहीत नव्हतं, पण एकही सभा चुकवली नाही. कुणी दुसरं विसरलं तर मी आठवण करून द्यायची."

मी हिशेब केला. आई त्यानंतर आठ महिने होती. ते आठही महिने मी डोंबिवलीत रविवारी दुपारी जेवून झोपत होतो, आणि इथे दहा-बारा अनोळखी माणसं हात जोडून, हा मुलगा आईकडे जातो म्हणून देवाचे आभार मानत होती. आणि आई खोलीत एकटी. असलेली माणसंही तिने घालवली, का, तर माझा कमीपणा दिसू नये म्हणून.

"भाऊ, लिहिलंत का?" बाईंनी विचारलं.

"बाई," मी म्हणालो, "तो मुलगा मी. मी एकाही रविवारी गेलो नाही."

इतकी वर्षं आईसाठी न रडलेला मी त्या टेबलाशी बसून रडलो. लाज वाटली नाही. बाईंनी हाताने चाचपत ती वही स्वतःकडे ओढली, दिसत नसतानाही त्या पानावर वाकल्या, आणि म्हणाल्या, "आमचंच चुकलं, भाऊ. आम्ही एकदा रविवारी जाऊन बघायला हवं होतं."

चार महिने मी हेच ऐकायला येत होतो. अगदी ह्याच शब्दांत, त्यांच्याच तोंडून.

"नाही बाई," मी म्हणालो, "मी जायला हवं होतं."