प्रार्थनेच्या चालीवर एकोणतीस

आमच्या गावच्या शाळेत मी पहिलीपासून प्रार्थना सांगायचे. सांगायचे म्हणजे पुढे उभी राहून एक ओळ म्हणायची आणि मागून सगळ्यांनी ती ओरडायची. धुळ्याहून पिंपळनेरला जाणाऱ्या रस्त्यालगतचं गाव, जिल्हा परिषदेची चौथीपर्यंतची शाळा, साठीचं दशक. त्या शाळेत मला दुसरं काही धड येत नव्हतं, पण आवाज होता आणि त्याची मला भरपूर मिजास होती.

चौथीत असताना शाळेला दोन नव्या खोल्या मिळाल्या. उद्घाटनाला धुळ्याचे मोठे साहेब येणार होते. सुरुवातीला प्रार्थना, आणि ती मी एकटीने म्हणायची, तीसुद्धा लाउडस्पीकरवर. आईने माझ्यासाठी नवं परकर-पोलकं शिवायला टाकलं. आईने तोवर शाळेची पायरी चढलेली नव्हती. मुलीचं गाणं ऐकायला म्हणून ती पहिल्यांदा येणार होती. मला जगात दुसरं काही नको होतं. पुढे उभं राहायचं आणि आईने ऐकायचं, बस.

त्याच सुमाराला जळगावकडून बदली होऊन नवे हेडगुरुजी आले. किडकिडीत, खादीतले, बोलायला गोड आणि ऐकायला हट्टी. पहिल्याच सकाळी प्रार्थना चालू असताना त्यांचं लक्ष ओट्यावरच्या माठांकडे गेलं. माझ्याच वर्गातली एक मुलगी तिथे पाणी भरत होती. तिचे वडील पिंजारी, मुसलमान. गावातल्या गाद्या, उशा, रजयांचा कापूस तेच पिंजायचे. प्रार्थनेच्या वेळी पाणी भरायचं काम तिच्याकडे होतं. कधीपासून, कोणी दिलं, कोणालाच आठवेना. सरस्वतीची प्रार्थना पिंजाऱ्याच्या मुलीने म्हणायची की नाही, हा प्रश्न कोणाला पडायला नको म्हणून कधीतरी कोणीतरी तिच्या हातात बादली दिली होती आणि पुढे ती तिच्याच हातात राहिली. त्यात कोणाचा काही वाईट हेतू नव्हता. आम्हाला ते दिसतच नव्हतं.

गुरुजींनी चार दिवस पाहिलं आणि पाचव्या दिवशी सांगून टाकलं, उद्घाटनाला कोणत्याही देवाची प्रार्थना होणार नाही.

मी घरी जाऊन थाळी आपटली. जेवले नाही. गुरुजींचं वाटोळं व्हावं म्हणून मारुतीला नारळ बोलले, तोही आईच्या पैशाने.

संध्याकाळी शाळेच्या ओट्यावर गाव जमलं. सरपंच आबा म्हणाले, "शाळाना कार्यक्रम, नि सरस्वतीच नही? आसं कसं चाली, गुरुजी?"

गुरुजी म्हणाले, "शाळा सरकारची आहे, आबा. घरी ज्याचा त्याचा देव आहे. सरकारी पैशाने चालणाऱ्या शाळेत कोणा एका धर्माचं शिकवता येत नाही, तसं राज्यघटनेतच आहे. सरकारला देव नसतो."

पलीकडच्या पाड्यावरून आलेले एक म्हातारे बाबा मागे उकिडवे बसले होते. त्यांनी विचारलं, "मंग सरकार घाबरस तव्हय कोनले हाक मारस?"

"कलेक्टरला," गुरुजी म्हणाले, आणि ओटा हसला.

मग तोडगा निघाला की कोणाचंच नको असेल तर सगळ्यांचं घ्या. गुरुजी म्हणाले, ठीक आहे, आणि खडू घेऊन फळ्यापाशी गेले. सरस्वती लिहिली. राजस्थानातून येऊन गावात दुकान थाटलेले जैन शेठ होते, त्यांना आम्ही नाना म्हणायचो. त्यांचा मंत्र लिहिला. पिंजाऱ्यांची दुआ लिहिली. पाड्यावरच्या बाबांनी वाघदेव सांगितला. आबांना एकदम कानबाई आठवली, ती राहून गेली तर गावातल्या बायका घरात घेणार नाहीत. मग गावदेवी, खंडेराव, बाबांच्या भावकीतला डोंगऱ्यादेव. त्या देवाचं गाणं केवढं असतं असं गुरुजींनी विचारलं, तर बाबा शांतपणे म्हणाले की पंधरा दिवस चालतं.

फळा भरला. साहेब फक्त दोन तास थांबणार होते.

गुरुजींनी खडूचे हात झटकले. "या शाळेतल्या प्रत्येक पोराला येतं आणि प्रत्येकाच्या घरी चालतं, असं काय आहे?"

मग नाना म्हणाले, "पाढे म्हणवा, गुरुजी. पाढ्याला कोण नाही म्हणेल? पण एकोणतीसचा म्हणवा. दोनाचा म्हटला तर साहेब म्हणतील, पोरं कच्ची आहेत."

आबांना ते पटलं, पण कार्यक्रमात नुसता पाढा म्हणजे कोरडं वाटेल, निदान चाल तरी प्रार्थनेची ठेवा, असं त्यांचं म्हणणं पडलं. गुरुजी कबूल झाले. चालीला धर्म नसतो, असं काहीतरी ते पुटपुटले.

म्हणजे माझी जागा वाचली होती. फक्त एकच घोळ होता. मला सतराच्या पुढे पाढा येत नव्हता.

गुरुजींना ते माहीत होतं. त्यांनी पिंजाऱ्याच्या मुलीला माझ्याशेजारी उभं केलं. तिला तिसापर्यंत सगळे पाढे तोंडपाठ होते. मला तिचा असा राग आला की सांगता सोय नाही. चार वर्षं पुढे मी उभी होते आणि आता ही.

सराव तिच्या घरी. तिचे वडील ओसरीत कापूस पिंजत. छताला टांगलेली ती मोठी धनुष्यासारखी धनुकली, तिच्या तातीवर लाकडी ठोकळ्याचा ठोका, आणि प्रत्येक ठोक्याला कापूस उडायचा. ती लहानपणापासून त्या ठोक्यावर पाढे म्हणत आली होती. दोन दिवस मी फुगून बसले. तिसऱ्या दिवशी त्यांनी ठोका जरा संथ केला आणि म्हणाले, "आते दोन्हीजनी तालवर म्हना." एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न. काय मजा आली म्हणून सांगू. आम्ही म्हणायचो, ते ठोकायचे, कापूस आमच्या डोक्यांवर बसायचा आणि घरी गेले की आई मला दारातच झटकायची. माझा राग कुठे गेला ते मला कळलंसुद्धा नाही.

उद्घाटनाच्या दिवशी अख्खं गाव मांडवात. आई बायकांच्या घोळक्यात पुढेच बसली होती. आम्ही दोघी लाउडस्पीकरपाशी गेलो आणि सुरू केलं.

साहेबांना बिचाऱ्यांना कोणी काही सांगितलं नव्हतं. प्रार्थनेची चाल कानावर पडताच ते खुर्चीवरून उठले, हात जोडले, डोळे मिटले. साहेब उभे राहिले म्हणून आबा उठले. आबा उठले म्हणून गाव उठलं. नानांनी हात जोडले. बायकांनी पदर डोक्यावरून पुढे घेतले. पिंजारीकाकांनी दोन्ही तळवे समोर उघडे धरले. पाड्यावरच्या बाबांनी वाकून जमिनीला हात लावला. एकोणतीस चोक एकशे सोळा, आणि मांडवात टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता. गुरुजी तेवढे कपाळाला हात लावून खालच्या मानेने हसत होते.

त्या शांततेनेच माझा घात केला. सगळं गाव माझ्यासमोर हात जोडून उभं, समोर आई, आणि "एकोणतीस साती" म्हणून माझी गाडी थांबली. पुढचं आठवेना. ताल सुटायच्या आत शेजारून आवाज आला, "दोनशे तीन." स्वच्छ, सुरात, माझ्यापेक्षा वर. तोवर ती माझ्या आवाजाखाली म्हणत होती. आता तिचा आवाज मांडवभर गेला आणि मी तिच्या मागून आठे, नव्वे, दाहे म्हणत शेवटाला पोचले.

साहेबांनी डोळे उघडले आणि आपण पाढ्याला हात जोडले हे त्यांना उमगलं. आधी ते हसले, मग मांडव हसला. आईने मला जवळ ओढलं. "तुन्हाकरता बठ्ठं गाव उभं राह्यनं," ती म्हणाली. तिच्या दृष्टीने मी गायले ती प्रार्थनाच होती. मी इतकी खूश होते की तिला दुरुस्त केलं नाही.

पेढे वाटून झाल्यावर आम्ही दोघी नव्या खोलीच्या पायरीवर बसलो. मी म्हणाले, "एवढा आवाज आहे तुला. मग प्रार्थनेला का म्हणत नव्हतीस?"

तिने पेढ्याचा कागद चाटला. "माले कोनी ईचारंच नही," म्हणाली.

मग तिने आमची जुनी प्रार्थना पहिल्यापासून शेवटपर्यंत गाऊन दाखवली, मी नेहमी गाळायचे त्या कडव्यासकट. एक शब्द चुकला नाही. गाऊन झाल्यावर ती हसली. मीही हसले, पण मला लाज वाटली, खरी लाज. चार वर्षं मी पुढे उभी होते आणि मागे कोण नाही हे बघायला एकदाही वळले नव्हते. मी तिला ते गाळलेलं कडवं पुन्हा म्हणायला लावलं आणि तिच्याकडून शिकून घेतलं.