शंभरावे काका

वकिलाकडच्या नोकरीतून निवृत्त झालेले कारकूनकाका पहिल्यांदा बँकेत शिरले, तेव्हा काऊंटरवरच्या ताईंना वाटलं, धाडच पडली. काखेत छत्री, खिशात चार पेनं, नाकावर एकावर एक दोन चष्मे, आणि नजर अशी की डोक्यावरचा पंखासुद्धा दबकून फिरायला लागला. पैसे काढायची स्लिप त्यांनी पुढून वाचली, मागून वाचली, उजेडात धरून वाचली आणि मगच भरली.

नेमके हेच ताईंचे शंभरावे निघाले.

साहेबांनी शब्द दिला होता: महिनाअखेर शंभर खातेदार बँकेच्या मोबाइल ॲपवर आणा, गावाकडच्या शाखेत बदली घ्या. गावाकडे चार वर्षांची लेक आजीजवळ होती. रोज फोनवर विचारायची, "आई, आता किती राहिले?"

नव्व्याण्णव जमवताना ताईंच्या नाकी नऊ आले. कॉलेजची पोरं दारातच ॲप चालू करत आणि वर ताईंनाच शिकवत. दुकानदारांना ॲप उघडायला सवड कुठली? पैसे आल्याचा आवाज झाला, की त्यांचं बँकिंग आटोपलं. गृहिणींचा पिन मुलाला पाठ, जावेला पाठ, इस्त्रीवाल्यालाही पाठ. पेन्शनवाले पैसे पाठवून मोबाइल पुढे करत, "ताई, यावर शिक्का मारा." पण 'मला मान्य आहे' यावर सगळ्यांनी निमूट बोट ठेवलं होतं.

काकांनी विचारलं, "काय मान्य आहे?"

"अटी, काका."

"मग वाचू की. चाळीस वर्षांत न वाचता सही केलेली नाही."

अटींची पानं चौसष्ट. दहा मिनिटं झाली की ॲप 'वेळ संपली' म्हणून बाहेर काढायचं. काका नवव्या पानावर पोचले की हकालपट्टी, आणि पुन्हा पहिल्यापासून.

"काका, दहाव्यापासून घ्या ना!"

"मधल्या वेळात पहिलं पान बदललं नाही कशावरून?"

आठवडाभर हेच चाललं. शेवटी ताईंनी दात-ओठ खात सगळी पानं छापून त्यांच्या हातात कोंबली. महिना संपायला आठ दिवस असताना काका लाल पेन्सिलीच्या खुणा घेऊन हजर!

"कलम सत्तावीस म्हणतं, चूक झाली तर बँक जबाबदार. एकोणचाळीस म्हणतं, खातेदार. नक्की कोण?"

ताईंचा बांध फुटला. "काका, पाया पडते, बोट ठेवा! माझी लेक तिकडे आईविना आहे हो!" बदलीचं सगळं त्यांनी रडतरडत सांगून टाकलं.

काका वरमले. "आधी नाही का सांगायचं, पोरी?" त्यांनी दोन्ही चष्मे काढले आणि आयुष्यात पहिल्यांदाच, मान्य नसताना बोट ठेवलं.

त्या संध्याकाळी ताईंनी लेकीला सांगितलं, "एकही राहिला नाही."

पण त्या दोन कलमांबद्दलचं पत्र काका सकाळीच मुख्य कार्यालयाला टाकून आले होते. कार्यालयाने त्यांचे आभार मानले, अटी दुरुस्त केल्या आणि जुन्या अटींवरच्या सगळ्या नोंदण्या रद्द केल्या. महिनाअखेर ताईंच्या नावापुढे शून्य होतं. त्या वर्षी त्यांची बदली झाली नाही.