सदऱ्याचं शेपूट

२६ डिसेंबर २०२२, सोमवार. सेंट स्टीफनचा सण. कडाक्याची थंडी, वारा पडलेला. सकाळची चर्चमधली मिसा बुडाली. क्लेमंटच्या गाडीतून कॅम्पवर. हरणं दिसली, तीन. गोळी झाडली, एक. जखमी: बीचचं एक झाड.

शिकारीविषयी रोजनिशीत एवढंच आहे. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर पर्पेटुआ सांगायच्या, रोजनिशीत घडलेलं लिहावं आणि वाटलेलं देवाला सांगावं. तो नियम मी आजवर पाळत आले. पण त्या दिवसाचं सगळं देवाला ऐकवायचं म्हणजे त्याचा फार वेळ घेणं होईल, म्हणून ते इथे लिहिते.

आमच्या पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरात साध्या बंदुकांचा हरणांचा हंगाम नाताळाच्या आधीच आटपतो. नाताळानंतर जंगलात जायची मुभा फक्त चकमकीच्या ठासणीच्या बंदुकीला. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, चिंधीत गुंडाळलेली गोळी गजाने ठासायची, बाहेरच्या वाटीत चिमूटभर रंजक, म्हणजे पेट घ्यायची बारीक दारू, टाकायचं आणि मग चकमकीने मनावर घेतलं तर बार उडतो. त्यामुळे नाताळानंतर जंगलात शहाणी माणसं नसतात, नुसती हट्टी असतात. माझा नवरा लिअँडर त्यांतलाच होता. मी त्याची बायको, ओडिलिया क्रेल, वय शहात्तर.

लग्नानंतरची पहिली काही वर्षं मीसुद्धा त्याच्याबरोबर घरामागच्या टेकडीवर शिकारीला जात असे. दोन हरणं मी मारली आहेत. ती गोष्ट मी इतक्यांदा सांगितली आहे की ती हरणं आता घोड्याएवढी झाली आहेत. मग मुलं झाली, बंदूक सुटली आणि हातात पळी आली. लिअँडर आणि त्याच्या भावाचा डोंगरात कॅम्प आहे, लाकडी ओंडक्यांचं एक खोलीचं घर. दर सेंट स्टीफनला तिथे शिकारी जमतात आणि दर सेंट स्टीफनला मी तिथे घेवड्याचं सूप वाढते. चाळीस वर्षं वाढलं. लिअँडर गेला त्या वर्षीसुद्धा वाढलं.

यंदा नोव्हेंबरात क्लेमंटचा, म्हणजे माझ्या धाकट्या दिराचा, नेहमीप्रमाणे फोन आला.

"वहिनी, सव्वीस तारखेचं सूप लक्षात आहे ना? मागच्या वेळी मीठ जरा कमी होतं."

ते मिठाचं बोलला नसता तर कदाचित काही झालं नसतं.

"सूप तू कर," मी म्हणाले. "मी बंदूक घेऊन येणार आहे."

 मग तो म्हणाला, "ती कुठल्या बाजूने भरतात, आठवतंय का?"

"तुझ्यापेक्षा बरं आठवतंय."

"मग घोडामैदान जवळच आहे. येतो शनिवारी."

शनिवारी तो आला, माझ्या अंगणात बादली पालथी घालून तिच्यावर बसला आणि हाताची घडी घालून बघत राहिला. मी बंदूक भरायला घेतली. भरता भरता मी त्याला सांगत होते की लिअँडर कसा भरताना एक शब्द बोलत नसे, कारण बोललं की चूक होते. गज ठासला, वाटीत रंजक टाकलं, घोडा चढवला, चाप ओढला. वाटीत भडका उडाला. बार नाही. पुन्हा रंजक, पुन्हा भडका. तिसऱ्यांदाही तेच.

"वहिनी, दारू घातलीत का?"

"घातली."

"कुठे?"

दारू ठेवायचं शिंग काठोकाठ भरलेलं होतं. नळीत नुसतीच गोळी जाऊन बसली होती, आता ती नळीच्या तोंडातून काढता येईना. शेवटी क्लेमंटने टाचणीच्या टोकाने बंदुकीच्या कानातून, म्हणजे वाटीतली आग नळीत नेणाऱ्या बारीक भोकातून, दाणा दाणा दारू आत सारली आणि मला म्हणाला, "उडवा." गोळी नळीतून निघाली आणि दमलेल्या बाईसारखी जवळच बर्फात बसली.

तो हसला नाही. मला तेच जास्त लागलं. गाडीत बसताना म्हणाला, "हे बघा, हाक्याला माणसं मोजकीच असतात. एक माणूस चुकीच्या जागी उभा राहिला की सगळ्यांचा दिवस फुकट. यंदा एक दिवस उभ्या राहा. शिकाऱ्यासारखं निभावलंत तर पुढच्या वर्षी तुमचं नाव हाक्यात. नाहीतर सूप, आणि त्यावर कुरकुर नाही."

"कबूल," मी म्हणाले. कशाच्या जोरावर म्हणाले, देव जाणे.

सव्वीस तारखेला उजाडताना आम्ही कॅम्पवर पोचलो. आत शेगडीजवळ कॅम्पवरचा सगळ्यात जुना शिकारी इझिडोर बसला होता. वय चौऱ्याऐंशी, कान जवळजवळ गेलेले, त्यामुळे साधं "ये" म्हटलं तरी ते दरीपलीकडे ऐकू जातं. त्याच्या डोक्यावरची सगळी भिंत चौकड्यांच्या चिंध्यांनी भरलेली आहे. कॅम्पचा जुना नियम असा की ज्याची गोळी हरणावर चुकली त्याच्या सदऱ्याचं मागचं शेपूट त्याच संध्याकाळी कापायचं आणि नाव-साल घालून भिंतीवर ठोकायचं. इझिडोरची तिथे अकरा शेपटं आहेत. लिअँडरची चार, चारही मी इस्त्री केलेली. त्या भिंतीखाली मी इतकी वर्षं सूप वाढलं, पण तिच्यावर माझा दोरासुद्धा नाही.

ओसरीवर बंदूक भरली. या वेळी तोंड मिटून भरली. दारू आधी, मग गोळी. हवेतला दमटपणा आत जाऊ नये म्हणून बंदुकीच्या कानात दात कोरायची काडी खोचली. लिअँडर तसंच करायचा. क्लेमंटने ते पाहिलं आणि मान डोलावली. मला शाळेत पहिला नंबर आल्यासारखं वाटलं.

मला वरच्या बाजूला एका मोठ्या बीचपाशी उभं केलं. क्लेमंट आणि आणखी दोघे खालून हाका घालत हरणं वर काढणार होते. इझिडोर शेजारच्या उतारावर ओंडक्यावर बसला. पाय असे गारठले की आहेत की नाहीत ते खाली बघून ठरवावं लागे. बऱ्याच वेळाने खालून आरोळ्या आल्या आणि झाडीतून तीन माद्या वर आल्या. पुढची थांबली. इतकी जवळ, की तिच्या पापण्यांवरचा बर्फ दिसत होता.

वाटीत रंजक टाकलं. घोडा चढवला. नेम धरला. चाप ओढला.

भडका उडाला आणि बार झालाच नाही. काडी कानातच होती.

हरिणीने माझ्याकडे पाहिलं. उत्तर चुकल्यावर सिस्टर पर्पेटुआ बघायच्या, अगदी तसं. मी हातमोजा दातांनी ओढला, जळकी काडी उपटली आणि पुन्हा रंजक टाकलं. त्यातलं थोडं वाटीत पडलं, बाकीचं बुटावर. हरिणी हलली नाही. पुढे काय होतंय ते तिलाही बघायचं असावं. मग मी पुन्हा चाप ओढला. या वेळी असा बार झाला की खांदा मागे गेला आणि समोर नुसता पांढरा धूर. धूर विरला तेव्हा हरिणी नव्हती.

गोळी झाडली की हरिण लागलं की नाही ते शोधणं हा शिकाऱ्याचा धर्म. जखमी जनावर टाकून कोणी घरी जात नाही. क्लेमंट आला, आम्ही दोघांनी तिचे माग धरले. बर्फात रक्ताचा ठिपका नाही, तुटलेला केस नाही. माग सरळ खिंडीपलीकडे गेलेले, मोठ्या मजेत. माझा जीव भांड्यात पडला आणि लगेच तोंड उतरलं. परत येताना क्लेमंट एका बीचपाशी थांबला आणि खोडातल्या ताज्या भोकात त्याने बोट घातलं. बोट त्याच्या टोपीच्या वर होतं.

"वहिनी," तो म्हणाला, "हरिणी झाडावर चढली होती का?"

संध्याकाळी कॅम्पवर विकतचं डबाबंद सूप गरम केलं होतं. कोणी मिठाविषयी बोललं नाही. इझिडोर माझ्या भडक्याची गोष्ट सगळ्यांना आणि बहुधा खालच्या गावालाही सांगत होता. सगळे हसले, मीही हसले. पण कात्री काही बाहेर निघेना.

"क्लेमंट," मी म्हणाले, "नियमाचं काय?"

"अहो वहिनी, तुम्हाला माफ. बाईमाणसाचा सदरा कोण कापतो? तुम्ही आलात, मजा झाली. झालं."

मजा झाली, म्हणजे मी पाहुणी. पाहुणीची गोळी चुकत नाही, कारण ती मोजतच नाहीत. आणि मोजली नाही तर पुढच्या वर्षी पळी.

"काप," मी म्हणाले.

"उगाच हट्ट नका करू."

"गोळी सुटली की नाही? हरिणीवर सुटली की नाही? चुकली की नाही? मग काप."

इझिडोरने कानामागे हात धरला. "काय म्हणतेय ती?"

"शेपूट काप म्हणतात!" क्लेमंट ओरडला.

"मग काप की! नुसत्या भडक्याचं कापायचं नाही, भडक्याचं कापायला लागलो तर आपण सगळे उघडे फिरू. पण ही गोळी सुटली, मी बघितली. चुकली ती चुकली."

क्लेमंटने डुकराचं मांस कापायची कात्री उचलली. मी कोट काढला. मोठ्या तोऱ्यात स्वेटर डोक्यावरून ओढला. आणि मग मला आठवलं की सदरा मी घातलेलाच नाही. पहाटे इतकी थंडी होती की रात्रीचा फ्लॅनेलचा झगा अंगातून काढवेना. तो तसाच विजारीत खोचून मी निघाले होते.



"हे काय आहे?" इझिडोरने विचारलं. "पडदा?"

मागे फिरायला जागा नव्हती. मी भिंतीकडे तोंड केलं आणि झग्याची मागची बाजू विजारीतून ओढायला लागले. ओढते तर तो संपेचना. शेवटी क्लेमंट छताकडे बघत पुढे आला, कान लाल झालेले. त्याने आंधळ्यासारखं चाचपून एक तुकडा कापला आणि असा लगेच मागे सरला की कात्री हातातून पडली. पांढऱ्या कापडावर जांभळी फुलं. चौकड्यांच्या भिंतीवर ते असं उठून दिसत होतं की दारातून येणाऱ्याचं पहिलं लक्ष तिकडेच जाईल. खिळा ठोकून क्लेमंटने त्याखाली कोळशाने लिहिलं: ओडिलिया, २०२२.

"बाहेरच्या कोणी विचारलं तर सांगायचं काय?" तो म्हणाला. "की आम्ही आमच्या आजीला मारलं?"

"सांग की वहिनी चुकली."

त्याने माझ्यासाठी सूप वाढून भांडं माझ्याकडे सरकवलं.

"पुढच्या वर्षी खिंडीच्या तोंडाशी उभ्या राहा," तो म्हणाला. "तिथे झाडं कमी आहेत."

घरी येऊन रोजनिशी लिहिली. शेवटची ओळ: न्हाणीघरातल्या नळाचं वायसर गेलं आहे, खाली बादली ठेवली.