सही करायच्या आधी

फॉर्मॅलिनच्या वासानं इतरांचे डोळे चुरचुरतात, मला मात्र तो वास आला की आनंद होतो. सत्तर-बहात्तर सालची गोष्ट. नरखेडकडच्या आमच्या खेड्यातून बाबा आणि मी एसटीनं नागपूरला, मेडिकलच्या प्रवेशाचा फॉर्म भरायला आलो होतो. यादीत माझं नाव लागलं होतं, पण पोरगी मुडदे पाहून पळून येईल, असं नातेवाइकांनी बाबांच्या मनात भरवलं होतं. सही करायच्या आधी त्यांनी तिथल्या एका सीनियर मुलीला विनवलं, "बाई, आधी हिले ते सारं दाखवा." ती आम्हाला डिसेक्शन हॉलकडे घेऊन गेली. मुडदे टिकवायच्या फॉर्मॅलिनच्या वासानं बाबा नाकाला रुमाल लावून दारातूनच मागे फिरले. "पहिल्या दिवशी मुलंसुद्धा चक्कर येऊन पडतात," असं म्हणत तिनं टेबलावरचं कापड बाजूला केलं आणि मुडद्याच्या कातडी काढलेल्या मनगटातला दोरीसारखा पांढरा स्नायुबंध ओढला. बोट वाकलं! मी भीती विसरले. "मी ओढून पाहू?" असं विचारलं आणि पाचही बोटं वाकवूनच बाहेर आले. बाबा पायरीवर घामाघूम बसले होते. "चक्कर आली काय वं?" "नाही बाबा, भूक लागली." ते इतक्या मोठ्यानं हसले की व्हरांड्यातली मुलं वळून पाहू लागली. गुडघ्यावरच फॉर्म ठेवून त्यांनी सही केली, आणि परतीच्या एसटीत अनोळखी माणसांनाही सांगत राहिले, "माही पोरगी डॉक्टर होऊन राहिली." पदवी मिळाल्याची तारीख आता आठवत नाही, मी डॉक्टर झाले ती त्या एसटीतच.