मुद्दलाला हात न लावता

मुद्दलाला हात न लावता जगणं ही मोठी साधना आहे, असं आमच्या पुसदच्या घरात मानलं जात असे. मानणारे एकटे बाबा होते. बाकीच्यांकडे मुद्दल नव्हतं.

शाळेच्या कारकुनीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी थोडी रक्कम म्युच्युअल फंडात टाकली. एजंट म्हणजे शेजारचे गणिताचे मास्तर, तेही निवृत्तच. आमच्या ओसरीत बसून त्यांनी फंडाचे प्रकार समजावले होते. ओपन-एंडेड म्हणजे कधीही शिरा, कधीही निघा. क्लोज्ड-एंडेड म्हणजे नॉनस्टॉप यष्टी, मधे हात दाखवून उतरता येत नाही. मग ग्रोथ की डिव्हिडंड, हे विचारलं. ग्रोथमध्ये नफा आतच वाढत राहतो, डिव्हिडंडमध्ये अधूनमधून हाती येतो. बाबांनी तत्काळ डिव्हिडंड घेतला.

तो आला की बाबा इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर पडत आणि गरम आलुबोंडे घेऊन येत. आई शेजारणीला सांगे, "रिटायर झाले, पण अजून कमावून राह्यले." बाबा तेव्हा पेपरात डोकं घालून बसत. पेपर वाचून झालेला असे.

नोकरीला लागल्यावर मी याविषयी वाचलं, आणि वाचलेल्या माणसाला गप्प बसवत नाही. डिव्हिडंड दिला की युनिटची किंमत तेवढीच उतरते; म्हणजे बाबांना वर्षानुवर्षं त्यांचेच पैसे परत मिळत होते. दिवाळीला गेलो तेव्हा आई स्वयंपाकघरात असताना मी कागदावर आकडे मांडून हे त्यांना दाखवलं.

बाबांनी कागदाची घडी करून खिशात घातली.

"मास्तरनं पहिल्याच दिवशी सांगतलं होतं मले," ते हळू आवाजात म्हणाले. "तुह्या आईले वाटते, मी कमावतो. वाटू दे."

आतून आईनं विचारलं, बापलेकांचं काय चाललंय. बाबा म्हणाले, पोरगा फंड शिकवून राह्यला.

पुढे नियम बदलला. लोकांची गैरसमजूत नको म्हणून डिव्हिडंड हा शब्दच त्या पर्यायातून काढला आणि हे भांडवल काढून घेणंही असू शकतं, असं नावातच घातलं. तेव्हापासून बाबांच्या मोबाइलवर येणाऱ्या प्रत्येक मेसेजात ते स्वच्छ इंग्रजीत लिहिलेलं असे. बाबा तो आईला मोठ्यानं वाचून दाखवत. आईला इंग्रजी येत नव्हतं.